माझ्या बाजूचा ब्रेक

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून हसू नकोस. दुरेघी वहीवर लिहितोय, पहिलीतल्या पोरांसारखं. साध्या कागदावर लिहायला बसलो की पहिली ओळ बरी येते, दुसरी बारीक होते, आणि तिसऱ्या ओळीपासून मुंग्यांची रांग लागते. मग तुझी आई भिंग शोधत घरभर फिरते. दोन रेघांच्या मध्ये लिहिलं की हात जरा शिस्तीत राहतो. सकाळी आठची गोळी घेतली, पाऊण तास खुर्चीत नुसता बसून काढला, आता ती चढली आहे. साधारण अकरापर्यंत माझा हात माझा. त्यानंतर कोणाचा, ते मलाही सांगता येत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही. मी ओरडून बोलतोय असं मला वाटतं, तू म्हणतेस, "बाबा, पुटपुटताय काय?" शिवाय फोनवर मी भित्रा आहे. सांगायचं ते अगदी घशाशी येतं आणि मी तुला विचारतो, तुमच्याकडे ऊन किती आहे. गेली पाच वर्षं मी तुझ्याकडच्या उन्हाची चौकशी करतोय.

आधी कामाचं. त्या फिरत्या वाचनालयाच्या जागेचं आईने मला सांगितलं. शुक्रवारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचं, तीन महिन्यांनी रुजू व्हायचं, पुस्तकांची व्हॅन स्वतः चालवायची, आणि तू नाही म्हणणार आहेस. कॉलेजात असल्यापासून तू ज्या नोकरीचं नाव काढत होतीस ती आपल्या पायांनी दारात आली, आणि तू दार लावून घेतेयस. आईला म्हणालीस म्हणे, "जिने स्वतःच्या आईचा पाय मोडला तिच्या हातात कोणी व्हॅन देतं का?" आईने मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं आणि ती आत निघून गेली. तेव्हापासून माझी बैठक मोडली आहे. बसतो, उठतो, खिडकीपर्यंत जातो, काय बघायला आलो होतो ते विसरतो, परत येतो. आज मंगळवार. कुरियरवाला चार वाजता येऊन पाकीट नेईल, परवा तुझ्या हातात पडेल. काही झालं तरी नकार कळवायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. आणि आधी शेवटचं पान उघडून बघायचं नाही. गोष्टीच्या पुस्तकांना ती खोड चालते, बापाच्या पत्राला नाही.

तब्येतीचं सांगतो. नेहमीचं "बरी आहे" नाही, नीट सांगतो, कारण त्यात तुझा संबंध आहे. तुला वाटतो तसा नाही, बरोबर उलटा.

आत्याचं म्हणणं तुला पाठ आहे. पोरीने गाडी ठोकली आणि त्या धक्क्याने माझ्या भावाला कंपवात जडला, हे ती भेटेल त्याला सांगते. एकदा तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस, तेव्हाही तिचं हेच चाललं होतं. कप वाजले. तू ट्रे टेबलावर ठेवलास आणि मागे फिरलीस. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी मूग गिळून बसलो.

तर आता ऐक. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा औषधाच्या कागदामागे चित्र काढून मला हे समजावलं होतं. मेंदूच्या तळाशी एक लहानसा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. हात उचल, पाय टाक, हस, या सगळ्या हुकमांची वाट त्या रसायनाने सुरळीत राहते. त्या पेशी हळूहळू मरायला लागल्या की कंपवात, म्हणजेच पार्किन्सन. का मरतात ते अजून कोणाला नक्की कळलेलं नाही. पण एका दुपारच्या धक्क्याने त्या मरत नाहीत. वर्षानुवर्षं आतल्या आत कमी होत जातात, आणि निम्म्याच्या वर गेल्या की मग बाहेर दिसायला लागतं. हात हलतो तो सगळ्यांना दिसतो, म्हणून लोक त्याला आजाराची सुरुवात समजतात. काहींचा तर हात कधी हलतच नाही, नुसतं अंग आखडतं.

माझी सुरुवात मला ठाऊक आहे. माझ्याकडे गाडी शिकायला यायचा तो सुतार तुला आठवतो का, क्लचवर पाय ठेवूनच चालवायचा? अपघाताच्या चांगली तीन वर्षं आधीची गोष्ट. चढावर त्याने क्लचप्लेट जाळली. गाडीत धूर, सुतार खोकतोय, काचा खाली करतोय, आणि मी त्याला निवांत तिसरा गिअर समजावतोय. मला वासच आला नव्हता. पुढे महिनाभर तो "आमचे मास्तर म्हणजे काय थंड डोक्याचा माणूस" असं सांगत फिरला. थंड डोकं कसलं, नाक गेलं होतं. वास जाणं, झोपेत लाथा झाडणं, बद्धकोष्ठ, एक खांदा आखडणं, हे सगळं हात हलायच्या कितीतरी आधी येऊ शकतं असं बाई म्हणाल्या. मी एकेक आठवत गेलो आणि सगळी माझ्याकडे येऊन गेली होती. तेव्हा तुझ्या हातात अजून स्टिअरिंगही आलं नव्हतं. माझ्या आजारात तुझा काडीचा हात नाही. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी आत्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. रविवारी म्हणालो. ती चहा अर्धा टाकून उठली, म्हणजे किती लागलं असेल बघ.

हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. चार वेळा गोळ्या, आठ, बारा, चार, आठ. पाच मिनिटं इकडची तिकडे चालत नाहीत. घरात तीन गजर वाजतात आणि तिन्ही वाजले की आई वर चौथी. गोळी चढली की मी माणसात येतो. शर्टाची बटणं लावतो, कुलूप उघडतो, जिना उतरतो. जरा जास्त चढली तर अंग आपोआप डोलायला लागतं, बघणाऱ्याला वाटतं म्हातारा कुठलंतरी गाणं ऐकतोय. उतरली की पाय जमिनीला चिकटतात. मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशनही असतं, पण ते सगळ्यांसाठी नसतं आणि माझ्यासाठी अजून वेळ आलेली नाही, असं बाईंचं मत. त्या घाई करत नाहीत. घाई माझ्याकडेच आहे, तीही नुसती मनात, पायात नाही.

यात तुझ्या आईने एक पराक्रम केला तो तुला कोणी सांगितला नसेल. अशक्तपणा आलाय म्हणून तिने दर गोळीबरोबर मला दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध सुरू केलं. चार महिने. गोळी काही केल्या चढेना. बाईंना कोडं पडलं, त्या गोळी वाढवायला निघाल्या, आणि सहज विचारलं की गोळी कशाबरोबर घेता? आई अभिमानाने सांगायला लागली. बाईंनी पेन खाली ठेवलं. अंड्यादुधातली प्रथिनं आणि ही गोळी रक्तात शिरायला एकाच दारात उभी असतात म्हणे, आणि अंडी तिला ढकलून आधी आत जातात. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर, हा नियम आम्हाला सांगितलेला होता. आईने तो ऐकला होता आणि मायेपोटी बाजूला ठेवला होता. बिचारी दोन दिवस रडली. मग मात्र शेजारीण, दूधवाला, आत्या, सगळ्यांना स्वतःहून सांगून टाकलं, "मीच यांना अंडी घालून आजारी ठेवलं होतं." सांगून मोकळी झाली आणि तिसऱ्या दिवशी छान जेवली. मी तिच्याकडे बघत राहिलो. चूक अशी दोन दिवसांत सांगून टाकता येते हे मला साठाव्या वर्षी कळत होतं.

व्यायाम घ्यायला एक बाई येतात. अंगाने एवढीशी, आवाज हवालदाराचा. मोठी पावलं टाका, हात झुलवा, पोटातून ओरडा. दारात, वळणावर माझे पाय अडकतात म्हणून त्यांनी पॅसेजच्या फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, पाऊलपाऊल अंतरावर. नुसतं चाल म्हटलं तर पाय हलत नाही, पण समोर रेघ दिसली की ती ओलांडायला लगेच उचलला जातो. मेंदूचा नेहमीचा रस्ता बंद असला तरी हा आडरस्ता चालू असतो, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर लोकांना सांगितलं की पांढरे पट्टे दिसले की थांबा. आता मलाच ते दिसल्याशिवाय चालता येत नाही.

आणि चेहरा. तो तुला सगळ्यात जास्त टोचतो हे मला कळतं. गेल्या वेळी बढतीची बातमी घेऊन आलीस, मी नुसता बघत राहिलो, आणि तू आईला स्वयंपाकघरात विचारलंस, "बाबा अजून रागावलेत का गं?" मला कान आहेत. भिंगरी, चेहऱ्याचे स्नायूही हुकमाची वाट बघत बसतात. आत मी इतका खूश होतो की हात थरथरायला लागला म्हणून खिशात घातला. तू वाचलंस ते थोबाड होतं, मी नव्हतो.

अकरा वाजून गेले. अक्षर बघ, मुंग्या निघाल्या. उरलेलं बाराच्या गोळीनंतर.

एक वाजला. मधल्या वेळात पॅसेजच्या सतरा फेऱ्या मारल्या. आईने विचारलं, "झालं का लिहून?" म्हटलं, "होतंय." ती म्हणाली, "होतंय म्हणजे अजून मुद्द्यावर आलेला नाहीत." ही बाई माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परीक्षक म्हणून शोभली असती.

मुद्द्यावर येतो. माझ्या गाडीत दोन ब्रेक होते हे तुला सांगायला नको. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा माझ्या बाजूला. आणि माझा एकच कडक नियम होता. मी "सोड" म्हटलं की वाद नाही. दोन्ही पाय पेडलवरून वर, हात मांडीवर, गाडी माझी. कारण घाबरलेला माणूस ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबतो, आणि एका गाडीला दोघं जण आवरायला लागले की ती कोणाचंच ऐकत नाही. प्रत्येकाकडून हे मी उभ्या गाडीत वीस-वीस वेळा करून घ्यायचो. लोक हसायचे. तूही हसलीस. म्हणालीस, "बाबा, हा तर लहान मुलांचा खेळ झाला." आणि मग तो खेळ तू इतक्या झटपट करायला लागलीस की माझा "ड" पुरा व्हायच्या आत तुझे पाय वर. तीस वर्षांत एवढी चपळ विद्यार्थिनी मला मिळाली नाही. आठ दिवसांत तुझी गाडी माझ्यापेक्षा मऊ थांबत होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण शिकणाऱ्याचं कौतुक केलं की तो आरशात बघायचं सोडतो, अशी माझी समजूत. कौतुकात मी कशासाठी हात आखडता घेत होतो, कोण जाणे.

आता जे लिहितोय ते मी फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं आहे, आणि परवा आणखी एका व्यक्तीला, तिचं पुढे येईल. तुझ्या शिकण्याच्या नवव्या दिवशी अपघात झाला, त्याच्या सहा आठवडे आधी मी एकटाच दवाखान्यात जाऊन आलो होतो. आईला सांगितलं होतं, टायर बघायला जातोय. उजवा पाय जरा उशिरा उचलला जातो, चप्पल घासते, एवढ्यासाठी गेलो होतो. बाईंनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. धंदा विचारला. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "शिकवणं आजपासून बंद. पाय किती साथ देतो ते बघू, मग ठरवू." मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचला हजर झालो. गोळ्यांची डबी गाडीत फ्यूज आणि बल्बच्या खोक्यात लपवली. कोणी बघत नसेल तेव्हा घ्यायची, बघत असेल तर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरचा पाय लटपटतो म्हटल्यावर कोण येणार शिकायला, हे एक कारण होतं. पण खरं सांगू का, ते दुसरं कारण होतं. पहिलं हे की त्या गाडीत बसलो की मी कोणीतरी होतो.

अपघाताच्या त्या रविवारी मागे आई बसली होती, पुढे आत्याकडे जायचं म्हणून. दोनची गोळी घ्यायची होती. तुम्ही दोघी बघाल म्हणून घेतली नाही. मी पुढे बाईंना विचारलं, ती एक गोळी घेतली असती तर? त्या म्हणाल्या, "कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. पण प्रश्न गोळीचा नाही. तुम्ही त्या सीटवर बसायलाच नको होतं." मला वाटलं होतं त्या जरा तरी सांभाळून घेतील. नाही घेतलं. बरं केलं.

जुन्या गोदामामागचा उतार. तो सायकलवाला गल्लीतून आडवा आला, आणि तू त्याला माझ्याआधी पाहिलंस. तू ब्रेक दाबायला सुरुवात केली होतीस, भिंगरी. मला तो तुझा मऊ ब्रेक अंगाला जाणवला होता. आणखी दोन सेकंद मी तोंड बंद ठेवलं असतं तर गाडी थांबली असती, सायकलवाल्याने आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि आपण आत्याकडे चहाला पोचलो असतो. पण माझी पाचावर धारण बसली. मी "सोड" म्हणून ओरडलो. आणि तू सोडलंस. तीस वर्षांत मी शिकवलेल्यांपैकी कोणीही इतकं बिनचूक सोडलं नसेल. दोन्ही पाय वर, हात मांडीवर. मग मी माझ्या पायाला हुकूम दिला आणि पाय गेला नाही. पाय दुखला नाही, घसरला नाही, नुसता होता तिथेच राहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी त्याच्याकडे खाली बघत होतो. हात मात्र वेळेवर गेला, स्टिअरिंग ओढलं, सायकलवाला सुटला आणि आपण भिंतीवर गेलो. मागचं दार आत आलं. आईचा तो आवाज तूही ऐकलास, मी लिहीत नाही.

लोक जमले. पोलिसाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "शिकाऊ आहे. सायकल आडवी आली, हिने ब्रेकवरून पाय उचलला." एकेक शब्द खरा होता आणि सांगणं अख्खं खोटं होतं. तू माझ्या शेजारी उभी होतीस, कपाळाला रुमाल लावून, आणि तू मान डोलावलीस.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माफीच्या लायकीचा राहिलो असतो. आठ दिवसांनी आईच्या मांडीत सळई घातली, आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. तू मला हळूच विचारलंस, "बाबा, तुम्ही सोड म्हणाला होतात ना?" तू मला दार उघडून दिलं होतंस. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मी काहीच बोललो नाही. तुला भास झाला असेल, घाबरलं की होतं असं." तू "हो, असेल," म्हणालीस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्या दिवसापासून तू बसने फिरतेस, रिक्षाने फिरतेस, मैत्रिणीच्या गाडीत मागे बसून मुठी आवळतेस, आणि आपल्या कानांवर, आपल्या पायांवर विश्वास ठेवत नाहीस. आई वर्षभर काठी घेऊन चालली आणि तू दर सुट्टीला येऊन तिचे पाय चेपत बसलीस. मी बघत होतो. वर्षाने माझा हात हलायला लागला, आजार लपेना, तेव्हा घरात सगळं कळलं, पण तारीख मी मागेपुढे करून सांगितली. आजार अपघाताच्या नंतरचा, असं सगळ्यांना वाटू दिलं. आत्याला तिची गोष्ट मीच पुरवली होती.

का केलं? आधी धंद्याची लाज, मग पोलिसाची भीती, मग तुझी. धंदा सहा महिन्यांत बंदच करावा लागला, पोलिसाचं केव्हाच मिटलं, तुझी भीती राहिली. दर महिन्याला वाटायचं, आता सांगितलं तर विचारेल की मागच्या महिन्यात का नाही सांगितलं. असे साठ महिने गेले. आजार मला मिळाला यात माझा दोष नाही, हे बाई मला वरचेवर सांगतात. मी हो म्हणतो. पण जे मी केलं ते आजाराने केलेलं नाही. पाय अडकला तो कंपवाताने, जीभ माझी मीच अडकवली. पार्किन्सनच्या माथी एवढं मारू नये.

तीन वाजले. हात पुन्हा मंदावतोय, म्हणून आज हे का लिहिलं ते सांगून टाकतो. आईने तुझं वाक्य मला ऐकवलं आणि ती आत गेली, असं मी वर लिहिलं. ते अर्धंच सांगितलं, जुनी सवय. ती लगेच परत आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी मागच्या सीटवर होते. तुम्ही सोड म्हणालात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. पाच वर्षं वाट बघतेय, तुम्ही कधी सांगताय त्याची." मी विचारलं, मग तू का नाही सांगितलंस? म्हणाली, "माझंही चुकलंच. पण मी सांगितलं असतं तर पोरीला खोटं बोलणारा बाप कळला असता. तुम्ही सांगाल तर निदान उशिरा का होईना, खरं बोललेला बाप मिळेल, असं वाटत राहिलं. आता शुक्रवारपर्यंत तुम्ही सांगताय की मी सांगू?" म्हणून हे पत्र. माझं मोठेपण समजू नकोस, मला ढकलावं लागलं. तुझ्या गावात एक बाई गाडी शिकवते, पूर्वी माझ्याकडेच शिकलेली. परवा तिला फोन करून हे सगळं माझ्या तोंडाने सांगितलं, पुटपुटत का होईना. तू म्हणशील त्या दिवसापासून शिकवायला ती तयार आहे. तिच्या हाताखाली तुला महिना पुरेल, बाकी दोन महिने व्हॅनची सवय करायला. माझ्यावर विश्वास ठेवायचं आता काही कारण नाही, तेव्हा हवं तर आईला विचार. पण शुक्रवारी तुझा राग कितीही पेटलेला असला तरी क्रम चुकवू नकोस. आधी त्या लोकांना हो कळव. मग मला फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. मी सगळं ऐकून घेईन, उन्हाचं विचारणार नाही.

तुझाच, आणि आता तुझ्यापासून लपवायला काही न उरलेला,
बाबा